चौदा तारखेची ओळ

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. पत्र माझ्या नावाचे नव्हते. पण सोळा वर्षे ते माझी पाठ आणि भिंत यांच्या मध्ये घडी होऊन पडले होते, म्हणून मी ते माझेच समजतो. पत्रात एकच प्रश्न होता. त्याचे उत्तर एका शब्दात देता आले असते. ते उत्तर ठाऊक असणारे दोघेच होते. एक तिप्पण्णा मास्तर आणि दुसरा मी. मास्तर बोलले नाहीत आणि मला बोलता येत नाही. पण एवढेच सांगून मी सुटू पाहिले तर ते खरे होणार नाही. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगतो. सांगता सांगता कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी एक फळा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. मी शाळेतला नव्हे, वाचनालयाच्या बाहेरचा. माझ्यावर रोज दिनविशेष लिहितात. दिनविशेष म्हणजे आजच्याच तारखेला पूर्वी कोणकोणत्या मोठ्या गोष्टी घडल्या, त्यांची टाचणे. आमचे गाव हुमनाबादच्या बाजूला, निर्णा गावाच्या अलीकडे आहे. नाव सांगत नाही. सांगितले तर दोष गावाला लागेल, आणि दोष गावाचा नाही.

मला गुरुलिंग सुताराने केले. शाळेचा एक मोडका बाक होता, त्याच्या दोन फळ्या त्याने जोडल्या. मधला जोड अजून दिसतो. लिहिताना खडू तिथे हमखास अडकतो. त्या वेळी तिप्पण्णा मास्तर नुकतेच आमच्या मराठी शाळेत रुजू झाले होते आणि सकाळ-संध्याकाळ वाचनालयही सांभाळत होते. ते सुताराशेजारी उभे होते. त्यांना काहीतरी सांगायचे होते, पण धीर होत नव्हता.

"बोला की मास्तर," गुरुलिंग म्हणाला. "लाकूड चावत न्हाई."

"ओळी आखून देता का? खिळ्याने कोरून. म्हणजे अक्षर तिरपे जाणार नाही."

गुरुलिंगने चार ओळी कोरल्या.

"पाच नाही का बसणार?" मास्तरांनी हळूच विचारले.

"बसतील की. पर पाचवी वळ कुत्र्याच्या उंचीला येईल. कुत्रं वाचून जाईल, मानसं वाचनार न्हाईत."

अशा माझ्या चारच ओळी झाल्या. जुन्या बॅटरीच्या सेलातला काळा कोळसा कुटून आणि तोंडलीचा पाला घासून मला काळे केले गेले. वाचनालयाच्या भिंतीवर, पोस्टाच्या लाल पेटीच्या शेजारी मला टांगले. समोर दगडी कट्टा, पुढे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे विजेचा खांब. माझे सारे जग एवढेच. पण त्या जगात रोज एक नवी तारीख यायची, आणि प्रत्येक तारीख आपल्याबरोबर चार दूरचे पाहुणे घेऊन यायची.

मास्तरांची एक जाड वही होती. तिच्यात प्रत्येक तारखेला एक पान होते, एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा. वाचताना काही सापडले की ते त्या त्या पानावर टिपून ठेवत. पण वहीत आले म्हणून ते फळ्यावर येईलच असे नव्हते. स्वतःवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. तीन वेगवेगळ्या पुस्तकांत सापडल्याशिवाय ते एक सनसुद्धा माझ्यावर लिहीत नसत. लिहून झाल्यावरही दोन पावले मागे जाऊन चष्मा पुसत आणि पुन्हा वहीत बघत. उद्याच्या ओळी ते आज संध्याकाळीच लिहून ठेवत, म्हणजे सकाळच्या हुमनाबाद बसला जाणाऱ्यांना त्या तयार मिळत.

कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाचता येत नव्हते. म्हणून बस यायच्या आधी एखादे मूल त्यांना माझ्या ओळी मोठ्याने वाचून दाखवी. कधी कोण वाचणार हे ठरलेले असे. मास्तर पाळी लावत. वाचणाऱ्याला लिंगम्मा पदराच्या गाठीतला गूळ देत असे. ही लिंगम्मा म्हणजे कट्ट्यावरची सर्वांत जुनी म्हातारी. तिला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी विचारायचेच असे. वीस जुलैला माणूस चंद्रावर उतरला हे ऐकून ती म्हणाली होती, "उतरला ते बरं झालं. पर वर त्याला जेवायला कुनी वाढलं?"

मास्तर तीन पुस्तके बघून लिहितात हे हळूहळू गावाला कळले. मग एक गंमतच झाली. कुठेही वाद झाला की लोक म्हणू लागले, "फळ्यावर हाय का?" फळ्यावर असेल तर खरे, नसेल तर थाप. पुढे पुढे जिथे फळ्याचा काही संबंध नाही तिथेही लोक तसेच म्हणत. मुलगा बारावी पास आहे असे मध्यस्थाने सांगितले की मुलीची आई विचारी, "फळ्यावर हाय का?" सगळे हसत. मीही मनात फुगत असे. हे तुम्हांला मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे जे झाले ते याच कौतुकाच्या पोटातून झाले.

एकदा मी पडलोही. १९९३ सालच्या तीस सप्टेंबरच्या पहाटे जमीन हलली आणि मी खिळ्यासकट खाली आलो. माझा उजवा कोपरा उडाला. आमच्या गावात एवढेच नुकसान झाले. तिकडे किल्लारीला काय झाले ते तुम्हांला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला पुन्हा टांगले. पुढच्या वर्षीपासून तीस सप्टेंबरला ती ओळ माझ्यावर येऊ लागली. त्या दिवशी कट्ट्यावर कोणी "फळ्यावर हाय का?" म्हणत नसे. म्हणजे स्वतःच्या अंगावरून गेलेली गोष्ट इतिहासात बसते, हे गावाला माहीत होते. मलाही होते.

आता २००९ सालाकडे येतो. इथून पुढे बोलणे मला जड जाते.

त्या वर्षी प्रेरणा अकरा वर्षांची होती. गावाच्या उगवतीला बौद्धांची घरे आहेत, तिथली ही मुलगी. तिचे आजोबा गुंडेराव रोज सकाळी शेताकडे जाताना कट्ट्याजवळ थांबत, चारही ओळी ऐकत, आणि मान हलवून पुढे जात. त्यांनाही वाचता येत नव्हते. एकोणीसशे छप्पन साली, चौदा वर्षांचे असताना, ते आपल्या वडिलांचा हात धरून नागपूरला गेले होते. तिथे बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्या माणसांच्या समुद्रात हा मुलगाही होता. ही गोष्ट त्यांच्या घरात सर्वांना पाठ होती. कट्ट्यावर त्यांनी ती कधी सांगितली नव्हती. प्रेरणाने मात्र शाळेत सांगितली. तेव्हा मुलींनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "फळ्यावर हाय का?"

ती मास्तरांकडे आली. दसऱ्याची सुट्टी चालू होती.

"गुरुजी, चौदा आक्टोबरला वाचायची पाळी मला द्या."

"का गं? त्या दिवशी काय आहे?"

"तुमच्या वहीत हाय. मी बघितलंय."

मास्तर हसले. त्यांच्या वहीत ती नोंद होतीच, आणि तीन नव्हे, सात पुस्तकांतून पडताळलेली होती. इतक्या वर्षांत ती माझ्यावर का आली नाही, हा प्रश्न त्यांना पडला की नाही ते मला माहीत नाही. दर वर्षी त्या तारखेला दुसऱ्याच चार ओळी येत, एवढे मला आठवते.

"बरं," ते म्हणाले. "तूच वाच."

तेरा तारखेच्या संध्याकाळी त्यांनी लिहायला घेतले. पहिल्या ओळीत १०६६ साल आले. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जची लढाई. दुसरीत १९४७, आवाजापेक्षा जास्त वेगाने विमान उडाले. तिसरी ओळ १९५६. ती लिहिताना त्यांनी अक्षर जरा मोठे काढले. चौथी १९६४, अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले.

प्रेरणा मागेच उभी होती. तिने तिसरी ओळ मोजून तीनदा वाचली. बोटाने हवेत गिरवली. मग जी पळाली ती घराकडे. तिचा आवाज मला वळणापर्यंत ऐकू येत होता, "आबा, लिहिलंय! आबा, लिहिलंय!"

ती गेल्यावर थोड्या वेळाने अमरनाथअण्णा मोटारसायकलवरून आले. ते वाचनालयाच्या समितीवर होते, माणूस थट्टेखोर. गाडी बंद न करताच त्यांनी माझ्याकडे बघितले.

"काय मास्तर, यंदा उगवतीकडची मिरवणूक वाचनालयापासूनच निघायलीय की काय?"

एवढेच. ते हसले, पान थुंकले आणि गेले. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत ते बोलणे त्यांच्या ध्यानातूनही गेले असेल. कुणी काही पुसायला सांगितले नव्हते. कुणी रागावले नव्हते.

पण मास्तर तिथेच खिळून राहिले. त्यांच्या हातात ओले फडके होते. ते स्वतःशीच पुटपुटत होते. लोक काय म्हणतील. समिती काय म्हणेल. उगाच चर्चा होईल. पुढच्या वर्षी बघू. मित्रांनो, भित्र्या माणसाला घाबरवायला दुसरा माणूस लागत नाही. तो ते काम घरच्या घरी करून घेतो. त्यांनी हात वर केला आणि तिसरी ओळ पुसली.

माझी लाज इथे आहे. त्याच उन्हाळ्यात मला नवा रंग दिला होता. मी गुळगुळीत, चकचकीत होतो, आणि एका हातात स्वच्छ पुसला जातो याचा मला गर्व होता. जुन्या फळ्यांवर पुसलेली अक्षरे मागे उरतात. माझ्यावर एक कानासुद्धा उरला नाही. मी थोडा वाईट फळा असतो तर ती मुलगी खोटी ठरली नसती.

तिसरी ओळ रिकामी दिसू लागली. तिथे मास्तरांनी लिहिले, "जागतिक मानक दिन." तो त्याच तारखेला असतो हे खरे. पण तो काय असतो हे त्यांनाही नीट सांगता आले नसते. तिसऱ्या ओळीत सालच नव्हते.

चौदा तारखेला सकाळी गुंडेराव नेहमीसारखे शेताच्या वाटेने आले नाहीत. धुतलेले पांढरे धोतर, पांढरा सदरा असे नटून ते आले, बरोबर सून शोभाबाई. ते कट्ट्यापाशी उभे राहिले. प्रेरणा नव्या फ्रॉकमध्ये माझ्यासमोर आली. माझ्याकडे पाहिलेही नाही तिने आधी. कट्ट्याकडे तोंड करून हात जोडले, आणि मग वळून वाचू लागली.

पहिली ओळ. दुसरी ओळ. आणि ती थांबली.

मला तिचे डोळे दिसत होते. कट्ट्यावरच्या कुणालाच ते दिसत नव्हते. तिने माझा जोड पाहिला, कोपरा पाहिला, जणू ओळ तिथे कुठे सरकली असेल. मग तिने "जागतिक मानक दिन" वाचले. चौथी ओळ वाचली. आणि खाली, जिथे गुरुलिंगने ओळ कोरलीच नव्हती तिथे बघत, न अडखळता म्हणाली, "चौदा आक्टोबर एकोणीसशे छप्पन. नागपूर येथे—"

"फळ्यावर हाय का गं ते?" लिंगम्माने विचारले. तिच्या मनात काही नव्हते. ती सगळ्यांनाच विचारायची.

बसची वाट बघणारे कुणीतरी म्हणाले, "न्हाई की. चारच वळी हायती. पोरगी मनानंच सांगायलीय." आणि लोक हसले. दुष्टपणाने नव्हे, तसेच, सकाळचे हसणे.

"होतं!" प्रेरणा म्हणाली. "काल होतं! गुरुजी, सांगा की!"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. ते दारात होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि इतक्या हळू, की मला जवळ असूनही जेमतेम ऐकू आले, ते म्हणाले, "फळ्यावर आहे तेवढंच वाच, बाळ."

 गुंडेरावांनी कट्ट्याखाली काढलेल्या चपला पायात घातल्या आणि नातीच्या पाठीवर हात ठेवला. शोभाबाई मात्र जाता जाता थांबली. "मास्तर," ती म्हणाली, "पोरगी रातभर झोपली न्हाई आनंदानं. आता कामून झोपनार न्हाई ते तुमाला ठावं." आणि ती गेली. लिंगम्माच्या हातात गुळाचा खडा तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी प्रेरणा एकटीच आली. वाचनालय बंद होते. तिने घडी केलेला कागद माझ्या चौकटीमागे खोचला आणि गेली. संध्याकाळी मास्तरांनी तो काढला, तिथेच उभे राहून वाचला. त्यांचे ओठ हलत होते, म्हणून मलाही कळला.

"गुरुजींना नमस्कार. काल नाही, परवा नाही, तेरा तारखेला संध्याकाळी मी ती ओळ वाचली होती. आबा म्हणतात तुला भास झाला असेल, मास्तर खोटं करणार नाहीत. मैत्रिणी मला थापाडी म्हणतात. मी खोटी आहे का, तेवढंच सांगा. तुम्ही तोंडानं बोलत नाही म्हणून पोस्टकार्ड ठेवलं आहे. पत्ता मी लिहिला आहे. तुमची विद्यार्थिनी, प्रेरणा."

आत खरेच एक कोरे पोस्टकार्ड होते. पत्त्याच्या बाजूला वळणदार अक्षरात तिचे नाव, गाव, तालुका. लाल पेटी माझ्यापासून हातभर अंतरावर.

मास्तरांनी पेन काढले. बराच वेळ उघडे धरले. मग टोपण लावले, कागद आणि कार्ड पुन्हा घडी केले आणि जिथे होते तिथेच माझ्यामागे सरकवले. "उद्या लिहू," ते म्हणाले.

तो उद्या सोळा वर्षे आला नाही.

मी सगळे बघत होतो. गुंडेराव रोज शेताकडे जात, पण आता रस्त्याच्या पलीकडून, खांबाच्या बाजूने. माझ्याकडे मान वळवत नसत. प्रेरणा पुन्हा कधी वाचायला आली नाही. आणि मास्तर दर वर्षी तेरा ऑक्टोबरच्या संध्याकाळपासूनच आजारी पडू लागले. चौदाला वाचनालय बंद. तेरा तारखेच्या ओळी माझ्यावर दोन दिवस राहत. गावात कुणाच्या ते लक्षातही आले नाही; मला मात्र ते शिळे अन्न तोंडात धरून बसल्यासारखे वाटे.

पुढे मास्तर निवृत्त झाले. सवयीने वाचनालयात येऊन बसत, कधीमधी माझ्यावर लिहीत. पण ऐकणारे कमी होत गेले. लोकांच्या हातात मोबाइल आले, तारखा तिथे आपोआप येऊ लागल्या, आणि तीन पुस्तके बघायची गरज कुणाला उरली नाही. माझ्यावर कुणी नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स अडकवले, कुणी क्लासच्या जाहिराती चिकटवल्या. माझा रंग उडाला. लिहिलेले पुसेना, नवे उठेना. पाठीमागे एक पाल राहायला आली. ती पत्रावरून इकडून तिकडे फिरे, तेव्हा कागद कुरकुरे आणि मला वाटे, कुणीतरी विचारतेय.

या वर्षी वाचनालयात श्रीदेवी आली. नवी ग्रंथपाल, तरुण, भरभर बोलणारी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भिंतीला रंग द्यायचे ठरले आणि तिने मला खिळ्यावरून उतरवले. घडी खाली पडली.

मास्तर आत वर्तमानपत्र वाचत होते.

"सर, तुमच्या नावाची चिठ्ठी हाय बगा," ती म्हणाली. "पालीनं सांभाळून ठेवलीय."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. "माहीत आहे," ते म्हणाले. "वाचलेली आहे."

"मग उत्तर?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग खुर्चीवरून उठले, कट्ट्यावर येऊन बसले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता सांगितली. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. त्यांनी अमरनाथअण्णांचे नाव घेतले, आणि लगेच म्हणाले, "त्यांचा दोष नाही. ते नुसते हसले. हात माझा होता."

श्रीदेवीने पत्र वाचले. मग आतले कोरे कार्ड त्यांच्यापुढे धरले.

"सर, पोरीनं त्येवढंच इचारलंय. त्येवढंच लिहा."

"जमेल का मला?"

"इतके दिस न लिहायचं जमलं की."

मला पुन्हा टांगले गेले. तेरा तारखेच्या संध्याकाळी मास्तर आले आणि पोस्टकार्डावर लिहायच्या आधी माझ्यावर कच्चे लिहू लागले. पहिल्यांदा लिहिले, त्या वेळची परिस्थिती अशी होती की. पुसले. मग लिहिले, माझा स्वभाव पहिल्यापासूनच. तेही पुसले. पण आता मी जुना झालो होतो, नीट पुसला जात नव्हतो. परिस्थिती आणि स्वभाव दोन्ही माझ्यावर धुरकट दिसत राहिले, एकावर एक. मास्तर दोन पावले मागे गेले, बघत राहिले, आणि त्यांना हसू आले की रडू, मला समजले नाही. मग त्यांनी कार्ड गुडघ्यावर घेतले आणि सरळ त्यावरच लिहिले. पाच ओळीसुद्धा झाल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी माझ्यावर उद्याचा दिनविशेष लिहिला. तिसरी ओळ १९५६. जोडावर खडू अडकला, त्यांनी तिथे पुन्हा दाबून लिहिले. मग ते घरी गेले नाहीत. अंधार पडेपर्यंत कट्ट्यावरच बसून राहिले, जणू ओळीची राखण करत होते. वाटेने दोन-चार लोक गेले. कुणी थांबले नाही. कुणी काही म्हटले नाही. एवढ्यालाच ते सोळा वर्षे भ्याले होते.

सकाळी कट्ट्यावर चौघे होते. त्यांत लिंगम्मा. आता तिला दिसते कमी, ऐकू बरे येते. वाचायला मूल नव्हते. मास्तर स्वतः उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी लिहिले होते, वाचले कधी नव्हते. त्यांचा आवाज फाटत होता. रस्त्यापलीकडे खांबाजवळून गुंडेराव काठी टेकत चालले होते.

"चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन," मास्तर वाचू लागले, आणि आवाज चढवला. "नागपूर येथे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली."

"फळ्यावर हाय का?" लिंगम्मा म्हणाली. सवयीने.

"हाय," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून गावाचा शब्द आला. "हाय, अक्का. आधी पण व्हतं. मी पुसलं व्हतं."

काठी थांबली होती. मास्तर कट्टा उतरले आणि रस्ता ओलांडून गेले. दहा पावलांचा रस्ता. मी त्यांना तो ओलांडताना कधी पाहिले नव्हते.

"गुंडेराव, प्रेरणा कुठं असते आता?"

"कामून?"

"उत्तर द्यायचंय. तिच्या पत्राचं."

"कवाच्या पत्राचं?"

"सोळा वर्षं झाली."

गुंडेरावांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितले. "पोस्टमन लई आळशी दिसतोय."

मास्तरांनी मान खाली घातली.

"कलबुर्गीला हाय ती," गुंडेराव म्हणाले. "दवाखान्यात रगत तपासती. हाय ते हाय लिहायचं, न्हाई ते न्हाई. तिला तसलंच काम आवडतं."

"मी तिला फोन करून सांगू का? नंबर दिलात तर—"

"तोंडी नगं. तिनं लिहून इचारलं व्हतं, तुमी लिहून सांगा." मग हात पुढे करून, "काय लिहिलंय? वाचा."

मास्तरांनी तिथेच, खांबाशेजारी उभे राहून वाचले.

"प्रेरणास आशीर्वाद. तू खोटी नव्हतीस. ती ओळ मी लिहिली होती आणि मीच पुसली. मला कुणी सांगितले नव्हते, मी भ्यालो होतो. लोकांसमोर विचारलेस तेव्हा हे बोलायला हवे होते. मला क्षमा कर असे लिहिण्याची हिंमत अजून होत नाही. तिप्पण्णा."

गुंडेराव काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.  "मी पन तिला भास झाला म्हनलं व्हतं," ते म्हणाले. "तुमच्यावर इश्वास ठिवून. ते बी लिहा खाली. आबा चुकला म्हनावं."

मास्तरांनी कार्ड काठीच्या मुठीवर टेकवून ते लिहिले. मग उलटे करून पत्ता दाखवला. लहान मुलीच्या वळणदार अक्षरातला. "हा जुना आहे. इथलाच. कलबुर्गीचा घालू का?"

"ऱ्हाऊ द्या. तिनं लिहिलाय त्योच खरा. घर काय पळून गेलंय व्हय? दिवाळीला येती ती. हातात पडंल."

मित्रांनो, आता माझे दिवस थोडे उरले आहेत. श्रीदेवी म्हणते की नवा पांढरा फळा येणार आहे, त्यावर लिहिलेले एका बोटाने पुसता येते. त्याचा हेवा मला वाटत नाही. तुम्ही फळा पुसाल, पुसायलाच हवा. उद्याची तारीख लिहायची असते. पण पुसताना कुणाची ओळ पुसतो आहोत हे एकदा बघत जा. आणि कुणी तुम्हांला प्रश्न विचारून ठेवला असेल, तर त्याचे उत्तर लहान असतानाच देऊन टाका. ते भिंतीमागे ठेवले की आपोआप मिटत नाही, वाढत जाते.

दोघे रस्ता ओलांडून आले. सोळा वर्षांनी गुंडेराव माझ्यासमोर उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी बोटाने एकेक ओळ मोजली, तिसरीपाशी थांबले आणि माझ्या जोडावर तळहात ठेवला. खडू त्यांच्या हाताला लागला. तो त्यांनी धोतराला पुसला नाही.

मास्तर लाल पेटीपुढे उभे होते. कार्ड तोंडाशी धरलेले, आणि पुन्हा तोच चष्मा काढण्याचा चाळा सुरू झालेला. कार्ड इथून हुमनाबादला जाणार, तिथे शिक्का बसणार आणि परत दोनशे पावलांवरच्या घरी येणार. तेवढ्या वाटेला सोळा वर्षे लागली होती.

"टाका की मास्तर," लिंगम्मा कट्ट्यावरून म्हणाली. "बस याचा वकुत झाला."

मास्तरांनी हात सोडला. पेटी रिकामी होती. कार्ड तळाला पडले, त्याचा आवाज मला ऐकू आला.